जहाज लागलं त्या दिवशीचा डबा

एकतीस वर्षं मी बसचा कंडक्टर होतो, घाटंजीहून सुटणाऱ्या गाड्यांवर. त्यामुळे कुठलीही गाडी शेवटच्या थांब्याला लागली की ड्रायव्हर-कंडक्टर खाली उतरून निवांत चहा पितात, अशी माझी पक्की समजूत. या समजुतीपायीच मी एका जहाजावर लागोपाठ दोन सफरी केल्या.

माझी लेक त्या जहाजावर खोल्या आवरण्याचं काम करते. नऊ महिने ती घरी आली नव्हती. तिनं आम्हा दोघांसाठी मुंबईहून चार दिवसांची सफर ठरवली. बायको म्हणाली, "कापसाची वेचनी सोडून कुठी येऊ मी? तुमी जा, अन् हे तिले खाऊ घाला." आणि जवसाच्या चटणीचा डबा माझ्या हातात दिला.

चार दिवस लेक दिसली ती ट्रॉली ढकलतानाच. "जेवले का बाबा?" एवढंच विचारून पुढे. पण मला घाई नव्हती. मी हट्ट करून पुढच्या सफरीचंही तिकीट काढायला लावलं होतं. दोन फेऱ्यांच्या मधे जहाज अर्धा दिवस धक्क्याला उभं राहतं. तेवढ्यात लेकीला समोर बसवून जेवू घालायचं, असा माझा बेत.

तो दिवस उजाडला. उतरणाऱ्यांच्या बॅगा आदल्या संध्याकाळीच दाराबाहेर गेल्या होत्या. पुढे जाणारे आम्ही आठजण. आमचं सामान खोलीतच राहू द्या म्हणाले. नाश्त्यानंतर आम्हाला एका हॉलमधे बसवलं, बाकी सारे उतरल्यावर खाली नेलं, आधार कार्ड पाहिलं, खोलीचं नवीन कार्ड दिलं आणि परत वर सोडलं. मला हसूच आलं. उतरलो त्याच गाडीत पुन्हा चढायला केवढा हा सोपस्कार!

वर डेकवर शुकशुकाट. हवी ती खुर्ची घ्या. पण आमच्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. वेचणीच्या दिवसांत आमच्या बैठकीत कापूस पडतो, तसे चादरींचे ढीग. त्यातून लेक धावत होती.

"पोरी, गाडी लागली ना आता? बस ना जराशी."

"बाबा, आज मले मराले फुरसत नाही. एक वाजेपर्यंत साऱ्या खोल्या तयार पायजेत. नवे लोक येऊन राह्यले."

मला राग आला. तिचा, जहाजाचा, स्वतःच्या अकलेचा. खोलीत जाऊन दार आपटलं, तर ते धड आपटलंही नाही. मग पलंगावर बसलो आणि आठवलं. ढाणकीहून गाडी फिरून आली की घाटंजीच्या स्टँडवर हीच पोरगी डबा घेऊन उभी असायची, आठ-दहा वर्षांची. मी आधी दोस्तांसोबत चहा घ्यायचो, मग डबा उभ्याउभ्या संपवायचो. ती शाळेतलं काही सांगू लागली की "मंग सांगजो" म्हणून गाडी सोडायची डबल बेल द्यायचो. गाडी वळेपर्यंत ती उभी दिसायची. तिनं कधी तक्रार केली नाही.

मी जेवणाच्या हॉलमधून दोन पोळ्या आणल्या, त्यांना चटणी लावली आणि ट्रॉल्या वळतात त्या कोपऱ्यात, कोणाच्या पायात येणार नाही असा, डबा घेऊन उभा राहिलो. पाऊण तास गेला असेल. शेवटी ती आली. हातांत ओले रबरी मोजे.

"हात खराब आहेत, बाबा."

"आ कर."

तिनं आ केला. मी घास तोडून भरवत गेलो. "मायनं लसूण जास्तच टाकला," म्हणाली आणि हसली. मग खोलीतल्या मैत्रिणीचं सांगितलं, रोज फोनवर बोलताना राहून गेलेलं काहीबाही सांगितलं. मी मधे एक शब्द बोललो नाही. लहानपणी मी तिला एकदाही भरवलं नव्हतं. ती पाच मिनिटं मला मिळाली, त्यासाठी मी त्या जहाजाचे, धक्क्याचे आणि डबा हातात देणाऱ्या माझ्या बायकोचे आजही उपकार मानतो.

शेवटचा घास गिळून ती म्हणाली, "चला बाबा, द्या डबल."

मी झाकणावर दोनदा वाजवलं. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी तिथंच उभा होतो.