साडूंचं पाठमोरं दुःख

दुःख कसं करावं हे अख्ख्या आर्वी तालुक्यात फक्त माझ्या साडूंना कळतं, बाकी आपण सगळे नुसते रडतो. हे मत अर्थातच त्यांचं स्वतःचं. बाजारात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, पण जीव सगळा नाटकात. दर कोजागिरीला गावातली हौशी मंडळी जमवून ते एक नवं नाटक बसवतात आणि ते शोकांतिकाच असतं. मेलोड्रामा हा शब्द ते सोयाबीनवरच्या अळीचं नाव घ्यावं तसा उच्चारतात. ऊर बडवणं, टाहो फोडणं, "आई गं" म्हणत कोसळणं, सगळं त्यांच्या लेखी मेलोड्रामा. खऱ्या शोकांतिकेत म्हणे ऐन दुःखाच्या घटकेला पात्रानं प्रेक्षकांकडे पाठ करायची, एक शब्द न बोलता चालू लागायचं आणि वळून बघायचं नाही. गिऱ्हाईक युरियाची गोणी मागायला आलं तरी हे ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसते.

देवळीच्या प्रयोगात त्यांचा नायक, मुलगा गेल्याची बातमी ऐकून, असाच पाठ करून उभा राहिला. इतका वेळ उभा राहिला की लोकांना वाटलं, गडी संवाद विसरला. मागून कुणीतरी "बोल ना बे" म्हणालं आणि पडदा ओढणाऱ्यानं घाबरून पडदाच पाडला. नंतर एक म्हातारे गृहस्थ मोठ्या अदबीनं साडूंना म्हणाले, "चांगलं होतं जी, पण तो रडला का हासला? आमाले त पाठच दिसली." साडूंनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

हे रंगमंचापुरतं असतं तर आम्ही निभावून नेलं असतं. आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा त्यांची धाकटी बहीण दारातूनच हंबरडा फोडत आत आली. सगळे डोळे पुसत होते आणि साडू माझ्या कानाशी लागून म्हणाले, "एन्ट्री बरी होती, पण आवाज लवकर चढवला." त्या दिवशी माझा हात उठता उठता राहिला.

मग त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. ती लहानपणापासून त्यांच्या प्रत्येक नाटकात असायची. बिदाईला रडारड चालणार नाही असं साडूंनी जाहीर केलं आणि, तुम्हाला खोटं वाटेल, हळदीच्या आदल्या संध्याकाळी अंगणात बिदाईची चक्क तालीम घेतली. गाडी म्हणून बाज मांडली होती. या माणसाला काळीज आहे की नाही, असं माझी मेव्हणी कणीक तिंबता तिंबता बडबडत होती. मुलगी मात्र गालात हसून "हो बाबा" म्हणाली.

बिदाईच्या वेळी मांडवातल्या साऱ्या बाया रडत होत्या. पोरीनं आईला मिठी मारली, बापाच्या पाया पडली, पाठ केली आणि सरळ गाडीकडे चालू लागली. वळून पाहिलं नाही. साडूंनी खिशातून भलामोठा, कोरा करकरीत रुमाल काढला होता. तो पोरीचे डोळे पुसायला आणला होता, हे मला तेव्हा कळलं. गाडी वळणाआड गेली तरी हा माणूस रुमाल पुढे धरून उभाच.

"पाह्यलं का रे तिनं मांगं?" त्यांनी मला विचारलं.

मी गाडीच्या पलीकडे उभा होतो. ओठ दाताखाली धरलेला आणि काजळ हनुवटीपर्यंत आलेलं, असा तिचा चेहरा मी पाहिला होता. मी तसं सांगितलं. म्हटलं, पोरीनं तुमचं नाव राखलं.

"तुले दिसलं," ते म्हणाले. "मले त पाठच दिसली ना रे."

आणि ते मांडवातल्या खुर्चीवर बसून ढसाढसा रडले, अगदी ऊर बडवून. आवाज जरा लवकर चढला, पण मी काही बोललो नाही.

अजूनही कोजागिरीला ते शोकांतिकाच बसवतात. पण कुणाच्याही लग्नाला गेले की आता जेवून निघत नाहीत. बिदाईपर्यंत थांबतात आणि गाडीच्या पलीकडे जाऊन उभे राहतात, जिथून पोरीचा चेहरा दिसतो.