बाळासोचा शिक्रा

उचगावच्या त्या गल्लीत बाळासोला सगळे घारीवाला म्हणत. शिरोलीच्या फाउंड्रीत तो वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं काम करी, पण ते काम गल्लीने कधी पाहिलं नव्हतं. गल्लीने पाहिला होता तो सुट्टीच्या सकाळी स्लॅबवर मान वर करून बसलेला माणूस. घरामागे उसाची रानं होती. तोड सुरू झाली की फडातले उंदीर उघडे पडत आणि त्यांच्यावर नजर ठेवून पक्षी जमत. शेपटीला खाच असते ती घार, हवेत एका जागी पंख मारत थांबते ती पांढरी कापशी, आणि बांधावरच्या कडुलिंबाच्या पानांत लपून चिमण्या उचलतो तो शिक्रा, हे त्याने आपल्या लेकीला, अक्षताला, अक्षरओळखीच्याही आधी शिकवलं होतं.

१९९८ च्या हिवाळ्यात त्याच्या बायकोला, शालनला, त्याच्या डोळ्यांची शंका यायला लागली. समोरून ओळखीचं माणूस आलं तरी ते बोलल्याशिवाय तो ओळख देत नसे. दारातल्या चपला पायाने चाचपून घाली. वितळलेल्या लोखंडाचं भांडं दोघांनी दोन बाजूंनी धरायचं असतं, आणि दुसरी बाजू धरायला असे शेजारचाच केरबा. एकाचा अंदाज चुकला तर लोखंड दुसऱ्याच्या पायावर. नळाला उभी असताना, भाकरी थापताना शालनच्या मनात हेच फिरत राही. संध्याकाळी दोघांचे आवाज गल्लीत ऐकू आले की ती दारातच खाली बसे, दिवसभर तीच भांडं धरून उभी असल्यासारखी.

डॉक्टरकडे चला म्हटलं की बाळासोचं उत्तर ठरलेलं.

“लिंबावरचा शिक्रा हितनं वळखतो मी. आन् तू माझ्या डोळ्यांस्नी नावं ठेवतीयास?”

तो म्हणे तेव्हा लिंबावर खरोखरच शिक्रा असे. मग ती विषय सोडून देई.

एका सोमवारी, सुट्टीच्या सकाळी, केरबा चहा प्यायला स्लॅबवर आला होता. बारावीचं पुस्तक मांडीवर घेऊन अक्षता उन्हाला बसली होती आणि शालन धुणं वाळत घालत होती. अचानक लिंबात साळुंक्यांनी गलका केला.

“शिक्रा आला,” बाळासो म्हणाला. “छातीवर पट्टं बघा की कसं हाईत.”

अक्षताने मान वर केली. “आप्पा, पावशा हाय त्यो.”

“थंडीत कुठला पावशा? त्यो पावसाच्या तोंडाला वरडतो.”

“वरडत न्हाय, पर बसलाय. तुमीच सांगितलं न्हवं, रंग सारखाच असतो, चोच बघायची. शिक्र्याची आकड्यागत वाकडी. ह्याची सरळ हाय.”

केरबा हसला. “लेकीनं चितपट केलं की रं तुला.”

“एवढ्या लांबनं चुकतंय की कवातरी,” बाळासो म्हणाला.

शालनचा हात दोरीवरच थांबला. साळुंक्या फसतात आणि शिक्रा समजून पावश्यालाही असाच गलका करतात, हेही त्यानेच कधीतरी सांगितलं होतं. म्हणजे इतके दिवस हा माणूस झाडाकडे तोंड करून नुसतं ऐकत होता. तिने आवाज साधा ठेवला.

“अहो, तारंवर कापशी बसलीय का बघा की.”

“बसलीय. रोजच्या जागंला.”

विजेची तार रिकामी होती. पार पलीकडच्या खांबापर्यंत.

केरबाने तारेकडे पाहिलं, मग बाळासोकडे. हातातला कप त्याने कठड्यावर ठेवला.

“कवाधरनं?”

बाळासोने तारेकडची मान खाली घेतली. “दिवाळीपास्नं. भट्टीचा उजेड दिसतोय. साच्याचं तोंड दिसत न्हाय. तू ‘वत’ म्हंतोस, तवा वततोय.”

“माझ्या आवाजावर?” केरबाचा चेहरा उतरला. “आरं, एखाद्या दिवशी मला खोकला आला असता म्हंजे?”

“सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं सायबानं. पोरगी शिकतीया.”

“आन् माझी पोरं काय शाळंत न्हाईत?”

केरबा जिना उतरू लागला. दोन पायऱ्या उतरून थांबला. “उद्या सायबाला तू सांग. न्हाईतर मी सांगणार. तू सांगितलंस तर शेजारी हुबा ऱ्हातो.”

 त्या दिवशी अक्षताने दोनदा बापाला चहा करून दिला आणि दोन्ही वेळा मान खाली घालून परत गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळासो एकटाच परतला. शालन दारात उभीच होती.

“सायबाला सांगितलं मी. मला साच्याची माती चाळायला घातलंय,” पाय धुता धुता तो म्हणाला. “भट्टीच्या धगीनं मोतीबिंदू हुतो, असं सायेब म्हणाला. आपरेशन झाल्यावर बघू, म्हणाला.”

“आन् केरबा?”

“त्येच्या जोडीला नवं पोरगं दिलंय. दिवसभर बोंबलत हुता त्येच्यावर. आजून तितंच हाय.”

तिने ताट वाढलं. बाळासो जेवायला बसला, ताटाभोवती जरा हात फिरवला, मग थांबला.

“ठेचा कुठं ठेवलायस?” त्याने विचारलं.

शालनने त्याचं बोट धरून वाटीला लावलं. मग तिथेच भिंतीला टेकून बसली. तवा चुलीवर तापत होता, पण तिला उठवेना.