हमालाची मान

एका पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी मी हमाल काढला होता. डोक्यावर धान्याची गोणी, मान खाली गेलेली, चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख. कोळशाची जाड रेघ, हातपाय मुद्दाम ओबडधोबड. संपादक खूश. झुकलेली मान म्हणजे शोषण, चेहरा नाही म्हणजे तो कुणीही असू शकतो, वगैरे वगैरे. मीही हरभऱ्याच्या झाडावर चढले.

छपाईला देण्याआधी चित्र घेऊन डोंबिवलीहून मोहन्याला आईबाबांकडे गेले. बाबांनी कल्याणच्या बाजारात तीस वर्षं गोण्या वाहिल्या. आता घरीच असतात. मानेला पट्टा, डाव्या हातात कप धरवत नाही. खरं सांगते, त्यांनी शाबासकी द्यावी एवढंच मला हवं होतं. संपादक गेला खड्ड्यात.

मान खाली होत नाही म्हणून त्यांनी कागद डोळ्यांसमोर उभा धरला. बराच वेळ बघितलं.

"नवखा आहे का गं हा?"

"का?"

"मान वाकवली की वजन सरकतं, मणका जातो. पहिल्याच दिवशी शिकवतात आम्हाला. डोक्यावर ओझं असताना कुणी आईवरून शिवी दिली तरी मान हलवायची नाही."

"बाबा, ते प्रतीक आहे." माझं मलाच ऐकून लाज वाटली.

"असेल. पण हा मरणार."

मला झोंबलं. मी फटकन म्हणाले, "एवढं माहीत होतं तर तुमची मान कशी गेली?"

"पाय घसरलेला." नेहमीचं उत्तर.

भाजी चिरता चिरता आई थांबली. "आता कशाला खोटं बोलताय? ही फॉर्मवर सही घ्यायला बाजारात आलेली, त्या दिवशीच ना?"

"तू गप गं," बाबा ओरडले.

चित्रकलेच्या कॉलेजचा फॉर्म. शेवटची तारीख होती, मी घाईत होते. बाबा पाठमोरे चालले होते, डोक्यावर गोणी. ती उतरेपर्यंत थांबायला हवं होतं. मी हाक मारली. ते वळले, जरा लडखडले, गोणी खाली ठेवून आले. सही वाकडी आली म्हणून मी कुरकुरलेसुद्धा. दुसऱ्या दिवसापासून ते कामावर गेले नाहीत.

पहिल्या हाकेला ते वळले नव्हते. म्हणून मी दुसरी मारली, आणखी मोठ्यानं.