बरणी संपेपर्यंत

खाली अंगणात माडीवरच्या दोन खोल्यांवरून भांडण चाललं होतं आणि मी जिन्यात कान देऊन बसले होते. त्या खोल्यांत राहत होतो आम्हीच, मी आणि हे.

"ही मुंबईवाली टिकायची न्हाय," घरमालकीण आक्का सांगत होत्या. "चार म्हैनं झालं, ट्रंकंचं कुलूप काढलं न्हाय हिनं. वैशाख सरला की खोल्या माझ्या भाच्याला, कृष्णातला."

"मग मास्तर कुठं जातील?" हा आवाज विठाबाईचा.

"खानावळीत जातील की!"

"आक्का, मी मलकापुरास्नं उचगावात नांदाय आलो तवा सहा म्हैनं रडलो. कुणी हाकललं व्हय मला? ऱ्हाईल ती."

"वर्साची चटणी घालू दे तिला. मग मानतो."

इकडे कोल्हापुरात उन्हाळ्यात घरोघर वर्षभराची कांदा-लसूण चटणी कुटतात. आमच्या गल्लीची सगळी चटणी विठाबाई कुटायची. काटकुळी बाई, खांद्यावर स्वतःचं मुसळ घेऊन उचगावाहून चालत यायची.

हे एकोणपन्नास सालचं. गिरगावात एका खोलीत आम्ही सातजण होतो. ह्यांना इथं शाळेत नोकरी लागली आणि त्याच भाड्यात दोन खोल्या, गॅलरी, अंगणात गोड्या पाण्याची विहीर मिळाली. हे खूश. मी मात्र "ज्येष्ठात न्यायला ये" असं भावाला गुपचूप पत्र टाकून बसले होते. मी गेले की ह्यांच्या खोल्याही जाणार, हे त्या जिन्यात कळलं.

दुसऱ्या दिवशी विठाबाई वर आली. "वैनी, किती घालायची?"

"पाव शेर," मी म्हटलं.

"औषध हाय व्हय चमच्यानं घ्यायला?"

खाली आक्का हसल्या आणि माझं मुंबईचं नाक वर गेलं. "दहा शेर!" म्हटलं. खाणारी माणसं दोन.

बाजारातही एकटीच गेले, कुणाला विचारायचं म्हणजे कमीपणा. ब्याडगी मिरच्या सुरकुतलेल्या दिसल्या, म्हटलं शिळ्या असणार. शेजारच्या संकेश्वरी कशा गुळगुळीत, तुकतुकीत! सगळ्या त्याच घेतल्या. घरी येऊन उघड्या हातांनी देठ खुडले आणि घाम पुसायला तेच हात डोळ्यांना लावले. मग जी बोंब मारली, ती लक्ष्मीपुरीच्या बाजारापर्यंत गेली असावी. गल्ली शिंकत होती, आक्कांची म्हैससुद्धा.

विठाबाईनं माझे हात ताकात बुडवले आणि मिरच्या चाळवून बघितल्या.

"वैनी, नुसती संकेश्वरी? जाळ हाय ती. मास्तरांस्नी मारायचा इचार हाय व्हय?"

अर्ध्या मिरच्या परत नेऊन तिनं ब्याडगी बदलून आणली. दोन दिवस कुटत होती. दोन बरण्या गळ्यापर्यंत भरल्या. तोंडाला बांधायला जुनेराचा फडका हवा होता, तो होता ट्रंकेत. कुलूप काढावंच लागलं. आक्का दारात उभ्या राहून बघत होत्या. संध्याकाळी कृष्णातसाठी खालच्या खोलीतलं सरपण बाहेर निघालं.

ज्येष्ठात भाऊ आला. बरण्या दाखवून मी म्हटलं, "एवढी संपली की येते." टाकून जावं तर आक्का हसणार, आणि रेल्वेतून न्यायची कशी? त्याला डबाभर दिली. आईचं पत्र आलं, जीभ जळली, अजून पाठव.

पुढच्या वैशाखात बरणीत अजून चटणी होती, तोवर विठाबाई मुसळ घेऊन हजर. जुनी संपायच्या आत नवी घालायची, ही इथली रीत. असं करत मी राहिले. लोक म्हणतात कोल्हापूरच्या मायेनं राहिले. म्हणोत बापडे. मी राहिले हट्टानं, आणि दोन माणसांत दहा शेर चटणी संपत नाही म्हणून.

अठ्ठावन्नचा वैशाख विठाबाईचा शेवटचा. दिवाळीच्या आतच ती गेली. पण त्या दिवशी तसं काहीच वाटलं नाही. गल्लीच्या तोंडाशी कांडपाची गिरणी धडधडत होती, तिच्यापुढून ती मुसळ घेऊन आली, कुटली, बरण्या भरल्या, वर हिंगाचा खडा ठेवला, फडका बांधला. बरणीवर बोटानं टकटक करून दरवर्षीसारखं विचारलं,

"वैनी, यंदा जाणार न्हवं मुंबईला?"

"ही संपली की जाते."

"मग येतो फुडल्या वैशाखात," म्हणाली, चहाची बशी पालथी घातली आणि मुसळ खांद्यावर टाकून उचगावच्या वाटेला लागली.