चालीवर आलेले शब्द

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात माझं देवीला नमस्कार करणं सुटलं होतं. ठरवून सोडलं नव्हतं. हात जोडले तरी आत काही हलत नव्हतं, म्हणून सुटलं. आम्ही नागपूरजवळ कोराडीला, वीज केंद्राच्या कॉलनीत राहायचो. बाबा तिथे बॉयलरवर ऑपरेटर. दिवाळीनंतर एका सकाळी ड्यूटीवरून आले, बूट काढायला खुर्चीवर बसले आणि उजव्या अंगावर कलंडले. अर्धांगवायू. जीव वाचला, दोन-अडीच महिन्यांनी पायात थोडी ताकद आली, पण बोलणं गेलं. एकच शब्द उरला, ‘हो’. चहा हवा का विचारलं तर हो, नको का विचारलं तरी हो. मनात वेगळंच असायचं आणि तोंडातून ‘हो’ निघायचं. मग ते स्वतःवरच चिडायचे आणि डाव्या हाताने पलंगाची कड आपटायचे.

माझा प्रकल्प होता वीज केंद्राची राख साठवायच्या बंधाऱ्यालगतच्या मातीत तग धरणाऱ्या जिवाणूंवर. सकाळी बाबांचं अंग पुसून, औषधं देऊन मी बसने विद्यापीठात जायची आणि काम उरकून दुपारी परतायची. वर्गातल्या बाकीच्यांचं पुढचं ठरत आलं होतं. कुणी नेट परीक्षेच्या अभ्यासाला लागलं होतं, एकीचं लग्न ठरलं होतं. मला हैदराबादच्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. लसींच्या तपासणीचं काम, अगदी मला हवं होतं तेच. सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

मी बाबांच्या पलंगाशी बसून विचारलं, “बाबा, मी जाऊ?”

“हो.”

“की थांबू इथेच?”

“हो.”

त्यांचे डोळे भरून आले. मी पटकन पंख्याचा वेग वाढवला आणि दुसरं काहीतरी बोलायला लागले. त्याच दुपारी नकाराचं पत्र लिहून फोनमध्ये ठेवलं. फक्त पाठवायचं राहिलं होतं.

आईला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “आमच्यासाठी थांबून राहिली तू, का भेवाने?”

मला फार राग आला. मी नसले तर यांना उचलणार कोण, डॉक्टरांशी बोलणार कोण, असं बरंच काही मी ऐकवलं. ती भाजी निवडत राहिली. पण मी आज खरं लिहायला बसले आहे, तर हेही लिहायला हवं, की तिचं बोलणं लागलं ते खरं होतं म्हणून. नागपूरबाहेर मी एकटी कधी राहिले नव्हते. मुलाखतीत दोन प्रश्नांना माझी बोबडी वळली होती. तिथे आपला टिकाव लागणार नाही, ही धास्ती आधीपासूनच होती. बाबांच्या आजाराने मला एक चांगलं कारण दिलं होतं. त्या कारणाला सगळे शेजारी ‘गुणाची पोरगी’ म्हणत होते.

चैत्राचं नवरात्र सुरू होतं. बाबा दरवर्षी या दिवसांत सकाळी कॉलनीतून पायी कोराडीच्या देवळात देवीच्या दर्शनाला जात. रविवारी आईने हट्टच धरला की यांना नेऊ. मी गेले ती व्हीलचेअर ढकलायला माणूस हवं म्हणून. आठ वाजताच ऊन चटके देत होतं. रांगेत अर्धा तास गेला आणि व्हीलचेअरचं पुढचं चाक नालीवरच्या लोखंडी जाळीत अडकलं. मी जोर लावला तसं ते आणखीच रुतलं. मागून लोक ओरडायला लागले. बाबा घाबरून “हो, हो, हो” करायला लागले, आणि ते ऐकून दोन पोरी हसल्या. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या क्षणी मी देवीला मनातल्या मनात म्हटलं, मला आता काहीच जमत नाही, तुला काय करायचं ते कर. ती प्रार्थना नव्हती, वैताग होता.

रांगेतून एक बाई पुढे आली. साठीची, ठेंगणी, हिरवं लुगडं, हातात ओटीची पिशवी. तिने पिशवी आईकडे दिली, खाली वाकून चाक तिरपं केलं आणि मला म्हणाली, “आता उचल वं, जोर नको लावू.” चाक सुटलं. मग ती आमच्याबरोबरच चालू लागली. कन्हानहून आल्याचं सांगितलं. बाबांकडे बघून तिने आईला विचारलं, “बोलता येत नाई का याईले?”

“एकच शब्द येते,” आई म्हणाली.

“माह्या घरच्याईचंही असंच झालं होतं. पाणी मागता येत नव्हतं, पण भजन म्हनत. अख्खं भजन! गाऊन पाहा त्याईच्यासंगं. मांडीवर ताल धरा अन् गा.”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. असं काही नसतं, असं मी बोलले नाही, पण मनात तेच होतं.

गाभाऱ्याच्या जरा अलीकडे असताना आरती सुरू झाली. ती बाई बाबांसमोर बसली, त्यांचा डावा हात हातात घेऊन त्यांच्याच मांडीवर ठेका धरला आणि मोठ्याने गाऊ लागली. पहिलं कडवं बाबा नुसते तिच्या ओठांकडे बघत होते. दुसऱ्या कडव्याला त्यांच्या घशातून सूर आला. आणि मग शब्द. एकेक शब्द, स्पष्ट, त्यांच्याच जाड्याभरड्या आवाजात. पाच महिन्यांनी मी माझ्या वडिलांचा आवाज ऐकत होते. आईने पदर तोंडात धरला. मी व्हीलचेअरची मूठ घट्ट धरून उभी होते. आरती संपली, लोक तीर्थासाठी पुढे सरकले. त्या लोटालोटीत ती बाई कुठे गेली कळलं नाही. आई अर्धा तास दारात थांबून बघत होती. तिचं नावही आम्ही विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर बाबा पुन्हा ‘हो’वर आले. पण आईने सोडलं नाही. सोमवारी सकाळी त्यांना उन्हात बसवून तिने मांडीवर ताल धरला आणि त्याच चालीवर विचारलं, पोरगी विचारते, जाऊ का. बाबांनी बराच वेळ ओठ जुळवले. कपाळावर घाम आला. मग आरतीच्याच चालीत, लांबवत, ते गायले, “जा... जा... बाई तू जा...”

आई हसत होती आणि रडतही होती. मी आत जाऊन ते नकाराचं पत्र पुसलं आणि होकार कळवला.

नंतर मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गाणं आणि बोलणं मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी चालतं, असं होतं कधी कधी, आता रोज सराव करा. मला ते पटतं. मी विज्ञानच शिकले आहे. पण त्या जाळीत चाक अडकलं नसतं, तर ती बाई रांगेत आमच्या मागेच राहिली असती. एवढंच मला माहीत आहे, आणि तेवढं मला पुरतं.

आता मला हैदराबादला येऊन चार महिने झाले. पहिल्या आठवड्यात रोज घरी परत जावंसं वाटायचं. मी तिथे नाही, म्हणजे तिथलं सगळं थांबलं असणार, असं वाटायचं. प्रत्यक्षात शेजारचे काका बाबांना फिरवतात, आई स्वतः डॉक्टरांशी बोलते, आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलते. घर माझ्या खांद्यावर आहे, हा माझा समज होता. तो खांदा कधीच माझा नव्हता. हे कळल्यापासून मी पुन्हा हात जोडते, आणि हल्ली काही मागत नाही.

गेल्या गुरुवारी आईचा फोन आला. आवाज जरा वेगळा होता. म्हटलं, काय झालं? ती लाजत म्हणाली, “काही नाई वं. तुह्या बाबानं आज मले नावानं हाक मारली. लग्नाले अठ्ठावीस वर्षं झाले, पयल्यांदा.”

“गाऊन?” मी विचारलं.

“नाई,” ती म्हणाली. “साधीच.”