करंटची पेटी आणि बोलायची मनाई

आमच्या घरात थोरला दीर आणि धाकटी भावजय एकमेकांशी बोलत नसत. रीतच होती तशी. थोरल्या दिरांना सगळं घर दादा म्हणायचं. त्यांना माझ्याकडून पाणी हवं असलं की ते ओसरीच्या खांबाकडे बघून म्हणायचे, "पाणी मिळंल का?" मी पदर सावरून तांब्या उंबऱ्यावर ठेवायची आणि मागं सरायची. याहून लांबलचक काही सांगायचं असलं तर जाऊबाईंना मध्ये घालायचे. जाऊबाई म्हणजे त्यांची बायको, आणि आमच्या घरातलं टपाल. लग्न होऊन सेलूहून राणीसावरगावाकडच्या या खेड्यात आले तेव्हा मला या सगळ्याचं हसू यायचं. पुढं पुढं येईनासं झालं.

सेलूत माझे वडील भजनात पेटी वाजवायचे. त्यांच्या मांडीशी बसून मी आणि माझा भाऊ, दोघंही शिकलो. भाऊ पुढं औरंगाबादला एका ऑर्केस्ट्रात लागला. त्यानं नवा कीबोर्ड घेतला तेव्हा जुना मला आणून दिला. जपानी होता, बराच वापरलेला, कडेच्या पट्ट्या पिवळ्या पडलेल्या, पण सूर स्वच्छ. गावानं त्याला करंटची पेटी म्हणायला सुरुवात केली. खरं तर आमच्याकडे करंटचाच भरवसा नसल्यानं ती बहुतेक वेळा सहा मोठ्या सेलांवरच चालायची. भावानं मला मागचं भोक दाखवलं. लाईटीवर चालवायचं तर तिथं एलिमिनेटरची पिन घालायची. "आत पितळेची पाती हाय बघ," तो म्हणाला. "पिन गेली की पाती उचलती आन् सेलांचा करंट तुटतो. ह्याच्यात काडीकचरा जाऊ देऊ नको. न्हाई तर पेटीला वाटंल पिन घातलीय, आन् सेल असून बंद पडंल."

मी ती मोजून तीन संध्याकाळी वाजवली. चौथ्या दिवशी जाऊबाई स्वयंपाकघरात आल्या आणि जमिनीकडे बघत म्हणाल्या, "ते म्हणायलेत, घरात कोठा मांडायचाय का, म्हणून इचार तिला." कोठा. सूर लावला म्हणून मी नाचणारी झाले. जाऊबाईंनी पेटी उचलली आणि बैठकीत नेऊन ठेवली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "दादा हायेत ते, जाऊ दे," आणि बैलांना कडबा टाकायला निघून गेला. मी एक दिवस रडले. रडून झाल्यावर जो राग उरला तो मात्र लोणच्यासारखा मुरत ठेवला. मला ती पेटी परत हवी होती. चोरून नको, हातापाया पडून तर मुळीच नको. ज्या बैठकीत ती गेली त्याच बैठकीतून, चारचौघांसमोर हवी होती.

दादांना सा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण पेटीत एक बटण होतं, ते दाबलं की आपोआप ठेका सुरू व्हायचा. तेवढ्या एका बटणावर दादा भजनी मंडळाचे प्रमुख झाले. देवळात पुढं बसायचे, बटण दाबायचे, डोळे मिटून मान हलवायचे आणि पट्ट्यांवरून बोटं नुसती फिरवायचे. लोक म्हणायचे, दादांचा हात काय बसलाय! बायकांत बसून हे ऐकताना मला माझ्याच बोटांची कीव यायची.

खंडेनवमीला विळे, नांगर, विहिरीवरची मोटार यांच्याबरोबर पेटीचीही पूजा झाली. दादांचा हात सढळ. मूठभर हळद, मूठभर कुंकू, वर अक्षतांचा पाऊस. पेटी नवरीसारखी पिवळी झाली. नंतर ती पुसून फडक्यात गुंडाळून कपाटात गेली, ती दत्तजयंतीलाच बाहेर निघाली.

दत्तजयंतीला आजूबाजूच्या गावांतली माणसं जमली होती. दादांनी नवं धोतर नेसलं होतं. ते बसले, खाकरले, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पेटीवरचा लाल दिवासुद्धा लागेना. सेल काढून उलटे घातले, सुलटे घातले, पेटीला चापट्या मारल्या. शेवटी पलीकडच्या गावचा एक म्हातारा ओरडला, "आरं, टाळ तर वाजवा की!" मंडपात हशा पिकला. मी पदराआड तोंड दाबून पोटभर हसून घेतलं. खोटं कशाला सांगू, दत्तजयंतीचा प्रसाद मला एवढा गोड कधीच लागला नव्हता.

मग बैठकीत पेटीचा दवाखानाच सुरू झाला. एकानं सेल माळवदावर उन्हात वाळत घातले, ताकद येते म्हणून. दुसऱ्यानं सेलांच्या स्प्रिंगा चिंचेनं घासल्या. तिसरा म्हणाला नजर लागली, म्हणून लिंबू-मिरची उतरून तिठ्यावर टाकून आले. अखेर गंगाखेडहून मोटारी वायंडिंग करणारा आणला. त्यानं खालचे स्क्रू काढले, आत फुंकर मारली, एलिमिनेटर तपासला. तो चांगला निघाला. "पण पिन पुरती बसंना," तो म्हणाला. "भोक आवळलंय वाटतं." आणि मग त्या काळात सगळेच जे म्हणायचे तेच तोही म्हणाला, "आयसी गेली हिची. आता काई खरं न्हाई."

मी दाराआड मेथी निवडत होते. पिन बसत नाही हे ऐकलं आणि हात थांबला. खंडेनवमी आठवली, तो अक्षतांचा पाऊस आठवला. पातीखाली दाणा अडकला असणार. म्हणून पिन आत जात नाही, आणि म्हणून सेलांचा करंटही तुटलेला. एका टाचणीचं काम होतं. चार पावलांवर दादा कपाळाला हात लावून बसले होते. पण मी सांगणार कशी? मला तर बोलायची मनाई. मी मुकाट्यानं पुढची जुडी हातात घेतली.

त्या दिवशी नवऱ्याला मात्र बोलून गेले की दोष मला कळलाय. तो चमकला. "मंग दादाला सांग की!"

"मी कशी सांगू? रीत न्हाई."

"मी सांगतो मंग."

"सांगून तर बघा," मी म्हणाले. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, तो परत बैलांना कडबा टाकायला निघून गेला.

संक्रांतीला भाऊ मला भेटायला आला. विद्यापीठाच्या नामांतरावरून पुकारलेल्या बंदमुळे एसटीचा नेम नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशीही राहिला. दादा याचीच वाट बघत होते. सकाळीच मंडळाची सगळी माणसं त्यांनी बैठकीत बोलावली. आदल्या रात्री जेवताना मी भावाला बजावून ठेवलं होतं, "काय बोलतील ते ऐकून घे. पेटीला हात लावू नको." नवे सेल मी त्याच्याकडूनच मागवले होते.

दादांनी पेटी भावाच्या पुढ्यात सरकवली. "पाव्हणं, हे डबडं तुमी आमच्या गळ्यात मारलं. पंचक्रोशीत बेइज्जती झाली आमची. घिऊन जा. आमच्या घरात हिच्यावर कुणाचा हक्क न्हाई."

भावाचे कान लाल झाले. पण माझं सांगणं पाळलं, पेटीला हात लावला नाही.

मी पदर डोक्यावर घेतला आणि बैठकीत गेले. पुरुष बसलेले असताना घरातली बाई तिथं कधी गेली नव्हती. कुणीतरी तंबाखू मळता मळता थांबलं. दादा घाईघाईनं भिंतीकडे बघायला लागले.

"दादा," मी म्हणाले. त्या घरात आल्यापासून त्यांच्याशी बोललेला माझा हा पहिला शब्द. "पेटी तुमची न्हाई ना?"

"न्हाई म्हणावं," ते भिंतीला म्हणाले.

"भिंतीला नगा सांगू. मला सांगा."

सगळे बघत होते. दादांनी मान वळवली आणि माझ्या तोंडावर ओरडले, "न्हाई! न्हाई म्हणलं ना तुला! तुझी तू घे आन् चुलीत घाल!"

एवढंच हवं होतं. मी खाली बसले, बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि त्या भोकात घातली. अंदाज चुकला असता तर जन्मभर मान वर करता आली नसती. पिनेचं टोक कशात तरी रुतलं, सुटलं, परत रुतलं. हळू ओढलं, आणि हळदीनं पिवळा झालेला तांदळाचा अख्खा दाणा बाहेर आला. तो मी दादांच्या पायापाशी सतरंजीवर ठेवला.

"तुमच्याच पूजेचा," मी म्हणाले.

सेल घातले, बटण सरकवलं. लाल दिवा लागला. मी भूप वाजवला, अख्खा, सावकाश, दोन्ही हातांनी. ठेक्याच्या बटणाला बोटही लावलं नाही. म्हणजे वाजवणं कशाला म्हणतात ते मंडळाला नीट कळलं. एकानं सवयीनं मान डोलवली आणि दादांकडे बघून थांबवली. दादा उठून मळ्याकडे निघाले, ते चप्पल न घालताच. मला त्यांची दया आली का? अजिबात नाही. मी पेटी छातीशी धरून माझ्या खोलीत नेली. दादांनी नंतर ती कधी मागितली नाही. मागणार कुठल्या तोंडानं?

संध्याकाळी चुलीपुढं जाऊबाई भाकरी थापत होत्या. खरं सांगायचं तर माझा राग त्यांच्यावरही तेवढाच होता. कोठा हा शब्द मी त्यांच्याच तोंडून ऐकला होता, आणि दादांनंतर त्यांचाच नंबर, असं मी मनाशी धरून होते.

"दाणा गेलाय हे तुला आदीच ठावं व्हतं," त्या म्हणाल्या.

"हो अक्का. कळलं होतं."

"गेला न्हाई त्यो. घातला." त्यांनी तव्यावरच्या भाकरीला पाणी लावलं. "पूजेच्या दुसऱ्या दिशी पेटी पुसायला मलाच लावली. दाणे झटकायलते. एक त्या भोकाच्या तोंडाशी व्हता. तुझा भाऊ तुला सांगायलता ते ऐकलं व्हतं म्या. बोटानं आत सारला."

"का पण?"

"तुमी दोघं बोलत न्हाई. रीत हाय तुमची. मंग त्यांची समदी घाण कुणाच्या जिभंवरून जाती?" त्यांचा आवाज चढला नाही, पण हात थांबले होते. "तसला शब्द माझ्या तोंडून वदवला त्यांनी. तुला म्हणले, पण उच्चारावा मला लागला."

भाकरी टम्म फुगली. त्यांनी ती उचलून माझ्या ताटात टाकली आणि दुसरा गोळा परातीत घेतला.

"त्यांचं अजून लय बाकी हाय," जाऊबाई म्हणाल्या. "सावकाश करू."