पापडांबरोबर वाळवलेली रेकॉर्ड

या, असे जवळ या. उंबऱ्यापाशी काय बसता परक्यासारखे? आणि ती कानातली बोंडं काढा आधी. एकट्यानं ऐकलेलं गाणं म्हणजे एकट्यानं खाल्लेलं भरीत. पोट भरतं, पण खाल्ल्यासारखं वाटत नाही. हे मी नाही म्हणत, आमच्या शेजारचे भाऊ म्हणायचे.

भाऊ रेल्वेत गार्ड होते. सगळी नोकरी भुसावळला झाली, मग जळगावला आमच्या भिंतीला भिंत लावून घर घेतलं. वहिनी गेल्यावर घरात उरले ते भाऊ, एक रेकॉर्ड प्लेयर आणि लोखंडी कपाटभर रेकॉर्डी. त्यात मराठी एक नाही, हिंदी एक नाही. बठ्ठं जॅझ. तरुणपणी भुसावळला रेल्वेतली अँग्लो-इंडियन मंडळी शनिवारी बँड लावून नाचायची, तेव्हा हे ड्युटीवरून सुटले की खिडकीबाहेर उभे राहून ऐकायचे. पुढे ती कुटुंबं परदेशी निघाली, घरातलं सामान विकायला काढलं. लोकांनी पलंग घेतले, टेबलं घेतली, भाऊंनी रेकॉर्डी घेतल्या. वहिनी सांगायच्या, "मी पलंगासाठी पाठवलं होतं."

आमचा गुरुवार ठरलेला. दुपारचा चहा झाला की ते एक रेकॉर्ड लावणार, मग मी माझं एक गाणं म्हणणार. रेकॉर्ड चालू असताना त्यांचं एक बोट वर असायचं. मी तोंड उघडलं की म्हणायचे, "थांबा अक्का, आत्ता येईल."

काय येईल ते मला कधी कळलं नाही. पहिल्या वेळी तर मी माहेरच्या बोलीतच विचारलं, माझं माहेर अमळनेरचं. "भाऊ, हाई काय शे? हा पिपाणीवाला अन् तो पियानोवाला, दोघांचं भांडण शे का?"

"बोलताहेत ते एकमेकांशी."

"मग दोघं एकाच वेळी का बोलतात?"

"तुम्ही आणि तुमची सून कशा बोलता?"

मग माझी पाळी. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते, तिच्यापुढे आम्ही बाया म्हणतो ती गाणी. भाऊ ऐकायचे, पण घड्याळाकडे बघत.

"अक्का, अठरा कडवी आणि चाल एकच?"

"एकच आहे म्हणून तर सगळ्या बायांना येते. तुमच्या लोकांना चाल सापडली की लगेच तिला सोडून पळत सुटतात."

ते हसायचे. मान मात्र डोलवायचे नाहीत. गाण्याच्या बाबतीत भाऊ कधी खोटं वागले नाहीत.

मागच्या मे महिन्यात ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला लेकीकडे गेले, पंधरा दिवस. जाताना प्लेयर माझ्या पुढच्या खोलीत आणून ठेवला, आणि एकच रेकॉर्ड. त्यांची सगळ्यांत आवडती. वहिनींनाही तिला हात लावू दिला नव्हता. म्हणाले, "रोज दोन्ही बाजू ऐका. आल्यावर सांगा काय आवडलं."

ऐकली ना, रोज ऐकली. पापडांचे दिवस, लाटता लाटता ऐकायची. भाऊ यायला दोन दिवस होते, तेव्हा बाजू पलटताना पिठाचा तेलकट हात तिला लागला. आता तेल लागलेल्या वस्तूचं आपण काय करतो? मी ती भांड्यांच्या साबणानं स्वच्छ धुतली आणि गच्चीवर पापडांच्या ओळीत वाळत घातली. जळगावचं मेमधलं ऊन तुम्हाला मी काय सांगू. अर्ध्या तासानं गेले तर कडा वर आलेल्या. पापडाच्या कडा वळल्या की आपण वजनाखाली दाबतो, तशी तिलाही वाटणाच्या पाट्याखाली दाबली. घाईत मधे फडकंसुद्धा घातलं नाही. पाट्याला नुकतीच टाकी लावून, छिन्नीनं खड्डे पाडून घेतले होते. काढली तेव्हा रेकॉर्ड सपाट झाली होती खरी, पण पाट्याचे सगळे खड्डे तिच्यावर उमटले होते.

सून म्हणाली, "सांगा ना, मांजरीनं पाडली."

तसं सांगणं मला जमलं नाही. भाऊ काळा चष्मा लावून आले, मी रेकॉर्ड पुढ्यात ठेवली आणि बठ्ठं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला. डॉक्टर नको म्हणाले होते तरी काढला. खड्ड्यांवरून बोट फिरवलं, प्लेयर उचलला आणि गेले.

पुढच्या गुरुवारी भाऊ आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. भिंतीपलीकडून रेकॉर्डीचा आवाजही नाही. मी सवयीनं त्यांचा चहा टाकायची आणि सुनेला द्यायची. ती चहा पीत नाही, पण प्यायली बिचारी. मला वाटलं, संपलं आमचं.

तिसऱ्या गुरुवारी आले. खुर्चीत बसले.

"रोज ऐकली होती ना?"

"दोन्ही बाजू."

"मग म्हणा."

"मी काय म्हणू, भाऊ?"

"जे ऐकलं ते. त्याला शब्दच नाहीत, मग अडेल कशाला?"

हात रिकामे होते तोवर मला काही आठवेना. शेवटी पोळपाट-लाटणं मागवलं, पिठाशिवाय नुसतं फिरवत राहिले, मग चाल आली. गुणगुणायला लागले. भाऊंनी डोळे मिटले.

"थांबा. इथे वर नाही जायचं. ही तुमची कानबाई शिरली मधे."

"येऊ द्या ना. पाहुणी आहे."

"तिला बाहेर बसवा अक्का. पुन्हा म्हणा."

पुढे कितीतरी गुरुवार असेच गेले. माफी मी मागितली नाही, त्यांनी दिली नाही. चुका मात्र भरपूर काढल्या. एकदा, एकदाच, मान थोडी डोलवली.

दिवाळीनंतर लेक त्यांना धुळ्याला घेऊन गेली. शेजारच्या घराला कुलूप आहे. दर गुरुवारी फोन येतो. मी म्हणते, ते "हं, हं" करतात. एकही चूक काढत नाहीत. त्यावरूनच कळतं, त्यांना फोनवर ऐकू येत नाही.

म्हणून तुमच्यापैकी कुणी धुळ्याला जाणार असेल तर त्यांना एवढं सांगा. अक्का रोज म्हणते, पण तुमचं कुठे संपतं आणि कानबाई कुठे शिरते हे आता तिचं तिलाच कळत नाही. अजून थोडे दिवस गेले तर सगळी चाल कानबाईचीच होऊन बसेल. तेव्हा भाऊ, सकाळची एसटी पकडा, जेवायलाच या. आणि लवकर या.